डी ड्राइव्ह म्हणजे दुसरी डिस्क नव्हे

आज हार्ड डिस्कच्या वाटणीची, म्हणजे पार्टिशनची गोष्ट. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी घरच्यांनी नवाकोरा लॅपटॉप घेऊन दिला. विंडोज होतंच, मला लिनक्स हवं होतं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी फोनवर रेकॉर्ड करून लॅपटॉपवर घेतल्या होत्या. सेफ राहाव्यात म्हणून त्या सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर टाकल्या, फोनवरून उडवल्या आणि इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’ दाबलं. सी आणि डी एकाच डिस्कचे तुकडे आहेत, हे मला त्या रात्री कळलं.

हे तुकडे आले कुठून? १९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी आला, १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन. सोबत डॉस २.०. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीकडे होती, म्हणून हार्ड डिस्कला सी मिळालं. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्ये एक छोटा तक्ता ठेवला, डिस्कचा सातबाराच म्हणा ना. त्यात नोंदी फक्त चार. कशासाठी? तर एकाच डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात म्हणून! म्हणजे ड्युअल बूट हा काही नंतरचा जुगाड नाही, वाटणीचा मूळ हेतूच तो.

डी ड्राइव्हचं कारण वेगळं. तेव्हाच्या डॉसला ३२ एमबीपेक्षा मोठा तुकडा झेपत नव्हता. डिस्क मोठ्या झाल्या, तेव्हा १९८७ च्या डॉस ३.३ नं एकाच डिस्कवर जास्त अक्षरं द्यायची सोय केली. ती मर्यादा गेली, पण डी म्हणजे सुरक्षित जागा ही समजूत मात्र आपल्या डोक्यात राहिली.

चूक मोठ्यांचीही होते बरं का. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्सनं मोडेमकडे जायचा डेटा चुकून हार्ड डिस्कवर लिहिला आणि त्याचं मिनिक्सचं पार्टिशन खराब झालं. मग तो स्वतःच्या लिनक्सकडेच पूर्ण वळला.

जुना तक्ता साधारण २ टीबीपर्यंतच पुरायचा. म्हणून आता जीपीटी वापरतात. त्यात विंडोज १२८ पार्टिशनची सोय ठेवतं, आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. बघा, तक्त्याचासुद्धा बॅकअप असतो, पण तोही त्याच डिस्कवर!

तेव्हा नव्या मशीनवर लिनक्स टाकण्याआधी एवढं करा. डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तिथून उघडून बघा. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर विंडोज दारातच अडवेल. फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोज ८ पासून आलेल्या या सोयीमुळे शट डाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ‘श्रिंक’ करा आणि मोकळी झालेली जागा तशीच सोडा, लिनक्स ती घेईल. ईएफआय आणि रिकव्हरीचे छोटे तुकडे फालतू वाटतील, पण हात लावू नका. आणि ‘इरेज डिस्क’ दिसलं, तर हात मागे घ्या.

पुढच्या दिवाळीत आजीनं पुन्हा ओव्या म्हटल्या. पण आवाज बसला होता आणि निम्म्या आठवत नव्हत्या. जेवढ्या मिळाल्या, तेवढ्या आता तीन वेगवेगळ्या डिस्कवर आहेत.

भेटू पुढच्या भागात. तोवर बॅकअप घ्या!