रंगभवनातील रात्री

मेट्रो सिनेमाच्या चौकातून महापालिका मार्गाने बोरीबंदरच्या दिशेने चालू लागले, म्हणजे झेवियर महाविद्यालयाच्या दगडी इमारतींच्या शेजारी रंगभवन नावाचे, राज्य सरकारच्या मालकीचे एक खुले नाट्यगृह लागते. त्याच्यावरून रोज सहस्रावधी माणसे जातात आणि त्यांतील पुष्कळांना तेथे एके काळी काय घडत असे याची गंधवार्ताही नसते. परंतु ज्यांचे तारुण्य विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मुंबईत गेले आणि ज्यांना विजेवरच्या गिटारीच्या नादाने वेड लावले, त्यांच्या मनात या जागेविषयी जे ममत्व आहे, ते गिरगावातील जुन्या नाटकवेड्यांच्या मनात बालगंधर्वांच्या प्रयोगांविषयी असे तितकेच उत्कट आहे.

रॉक संगीताला मुंबईत हीच जागा लाभावी, हा निव्वळ योगायोग नव्हे. रंगभवन ज्या भागात आहे, तो धोबीतलाव हा गोमंतकीय वादकांचा जुना मुलूख. येथील जेर महालासारख्या इमारतींत गोव्यातील एकेका गावाच्या नावाने चालणारे कूड, म्हणजे गावकऱ्यांचे सामायिक निवास, होते. आगबोटीवरच्या नोकरीची वाट पाहणारा खलाशी आणि हॉटेलातल्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवून अपरात्री परतणारा वादक तेथे ट्रंकेला ट्रंक लावून राहत. चर्चच्या शाळेत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून आलेल्या या मंडळींनी हॉटेलांतील जॅझ संगीत आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद ही दोन्ही क्षेत्रे आपल्या विद्येने समृद्ध केली. गिटारीच्या तारा, ड्रमच्या काठ्या, संगीतलेखनाच्या वह्या पुरवणारे फुर्टाडोंचे दुकानही याच परिसरातले. ज्या वस्तीला पाश्चात्त्य वाद्यांचा कान तीन-चार पिढ्यांपासून होता, त्या वस्तीच्या कुशीत हे नवे संगीत रुजावे, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

तत्पूर्वी मुंबईत रॉकचे प्रयोग झाले नव्हते, असे मात्र नाही. सिमला नावाच्या सिगारेटच्या प्रसिद्धीसाठी इम्पीरियल टोबॅको कंपनीने बँडांची स्पर्धा भरवली. देशातील निरनिराळ्या शहरांतली होतकरू मुले षण्मुखानंद सभागृहात वाजवण्यासाठी येत आणि निवडक बँडांच्या ध्वनिमुद्रिका १९७० व १९७१ साली निघाल्या. १९७२ साली लेड झेपेलिन या जगद्विख्यात बँडमधील जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट हे दोघे मुंबईत आले असता कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या लहानशा नृत्यगृहात तेथल्याच वाद्यांवर गाऊन-वाजवून गेले. २६ मार्च १९८० रोजी पोलीस या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम होमी भाभा सभागृहात झाला, आणि तो घडवून आणण्याचे श्रेय टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या संस्थेकडे जाते. या गोष्टी घडल्या, त्यांच्या आठवणी राहिल्या. परंतु त्यांतून वहिवाट पडली नाही. वहिवाट पडण्यासाठी ठरलेली जागा लागते, ठरलेला हंगाम लागतो, आणि विशेषतः ज्याच्या खिशात लोकलचा पास आणि थोडीशी चिल्लर एवढेच आहे अशा विद्यार्थ्याला परवडेल असे तिकीट लागते.

हे तिन्ही रंगभवनात एकत्र आले. प्रथम आला जॅझ. १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने जॅझयात्रा सुरू झाली, आणि सॅक्सोफोनचा थोर वादक सॉनी रोलिन्स मुंबईत येऊन वाजवून गेला. पुढे १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू केला. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, म्हणजे ऐन पावसाळ्यात, छप्पर नसलेल्या जागी विजेच्या वाद्यांचा महोत्सव भरवणे हे धाडस खरे. पण मुंबईच्या मुलांनी पाऊस गृहीत धरला आणि महोत्सवाला ‘आय-रॉक’ असे सुटसुटीत नाव देऊन तो आपलासा केला.

त्या रात्रींचे स्वरूप कसे असे? दुपारपासूनच डोंबिवली, वसई, वाशी येथून आलेली काळ्या टी-शर्टांतली पोरे फाटकापाशी जमू लागत. आत ध्वनिक्षेपक, अँप्लिफायर आणि जमिनीवरून नागिणीसारख्या गेलेल्या वायरी यांवर ताडपत्री घालण्याची लगबग चाले. परदेशी वाद्यांवर जबर जकात होती, तेव्हा आयात केलेली गिटार हे बहुतेकांना स्वप्नच. कलकत्त्याच्या गिव्हसन कंपनीची गिटार, कोणा हुशार मेकॅनिकने घरगुती बनवलेला अँप्लिफायर आणि मित्राकडून उसना आणलेला पेडल एवढ्या भांडवलावर कितीएक बँड रंगमंचावर उभे राहत. तार तुटली, तर दुसरी मिळेपर्यंत ड्रमवाल्याने वेळ मारून न्यायची. कार्यक्रम रंगात आला, म्हणजे पुढच्या ओळींतले लांब केसांचे तरुण मानेला झटके देत तालावर डोलू लागत, मागचे खांद्यांवर मित्रांना उचलून घेत. आणि अखेरच्या लोकलची वेळ जवळ आली, की कर्जत-कसाऱ्याची मुले जड पावलांनी निघत.

या श्रोत्यांचा एक हट्ट होता, तो म्हणजे डीप पर्पल किंवा आयर्न मेडन यांची गाणी जशीच्या तशी ऐकण्याचा. ज्याला मूळ ध्वनिमुद्रिका दुर्मीळ आणि मूळ कलावंत अप्राप्य, त्याने प्रतिकृतीत आनंद मानावा, यात मला दूषणास्पद काही वाटत नाही. परंतु त्याच गर्दीसमोर स्वतःची रचना घेऊन उभे राहण्याचे धैर्य हळूहळू आले. १९८४ साली स्थापन झालेल्या रॉक मशीन या मुंबईच्या बँडने, ज्यात उदय बेनेगल गात आणि महेश तिनईकर गिटार वाजवत, १९८८ मध्ये स्वरचित गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. पुढे इंडस क्रीड या नावाने तोच बँड देशभर गाजला. अनोळखी गाणे शांतपणे ऐकून घेणारा श्रोता एका रात्रीत तयार होत नाही. त्याच जागी वर्षानुवर्षे येणाऱ्यांतूनच तो घडतो. रंगभवनाचे खरे ऋण हे आहे.

पण आकाशाखालची जागा हे जे या नाट्यगृहाचे वैभव, तेच त्याच्या बंदीस कारण झाले. २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणविषयक नियम अंमलात आले. त्यांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद केली आणि रात्री १० पासून सकाळी ६ पर्यंत उघड्यावरील ध्वनिक्षेपकास मनाई केली. रंगभवनाच्या एका अंगाला महाविद्यालय, आणि हाकेच्या अंतरावर कामा व गोकुळदास तेजपाल ही दोन रुग्णालये. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि नव्या शतकाच्या आरंभीच तेथील ध्वनिक्षेपक बंद पडले. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाचा शांततेवरील हक्क श्रोत्याच्या आनंदाहून श्रेष्ठ आहे, याविषयी दुमत असू नये. माझी तक्रार वेगळी आहे. नाट्यगृह सरकारचे, हुकूमही सरकारचा. मग त्या जागी बंदिस्त सभागृह उभारण्याची किंवा तोडीस तोड दुसरी जागा देण्याची जबाबदारी कोणाची? चर्चा झाल्या, सभागृह मात्र उभे राहिले नाही.

हीच वेळेची मर्यादा पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही लागली. १९५३ पासून पहाटेपर्यंत चालत आलेल्या मैफली आवरत्या घ्याव्या लागल्या, आणि मालकंस-दरबारीसारखे रात्रीचे राग त्यांच्या प्रहरी त्या मांडवात ऐकण्याचे सुख मागे पडले. रॉकचे चाहते आणि ख्यालाचे रसिक एरवी एकमेकांची फारशी विचारपूस करीत नाहीत. येथे दोघांची हानी एकाच जातीची आहे.

पुढे आय-रॉक उपनगरातल्या मैदानांत गेला. २००७ साली आयर्न मेडन प्रथमच भारतात आला, तो बंगळुरूला. मुंबईची पोरे रात्रभर रेल्वेने प्रवास करून तिकडे गेली. शहरात लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात बंदिस्त क्लब निघाले, तेथे ध्वनियोजना उत्तम, पण दारूच्या परवान्यामुळे अल्पवयीन मुलाला दार बंद, आणि इतरांनाही एका संध्याकाळचा खर्च झेपणारा नाही. आता नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये परदेशी बँड येतात. २०१९ साली यू-टू आला, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. पण त्या रंगमंचावर, अद्याप कोणाला नावही ठाऊक नसलेल्या डोंबिवलीच्या चार पोरांना, उसन्या पेडलसह, अर्धा तास कोण देणार?