रंगवलेला नकाशा आणि इतिहासाचे नियम

इतिहासकथनाचा विचार करताना आपल्यासमोर बखरी, कागदपत्रे, इतिहासग्रंथ, आणि फार तर ऐतिहासिक कादंबरी व नाटक येते. गेल्या पंचवीस वर्षांत भूतकाळ सांगणारा आणखी एक प्रकार जगभर रुळला आहे. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या या खेळांना 'ग्रँड स्ट्रॅटेजी' असे नाव आहे. एखादे राज्य निवडायचे आणि तीनचारशे वर्षे त्याचा महसूल, सैन्य, व्यापार, सोयरिकी, धर्म आणि तह सांभाळायचे, असे त्यांचे स्वरूप असते. राजे येतात आणि मरतात. खेळणारा मात्र टिकून राहतो, कारण त्याची भूमिका राजाची नसून राज्याची असते. हे खेळ खेळणारे लोक आपसांत जो वाद घालतात तो साहित्याच्या व इतिहासाच्या अभ्यासकांनी ऐकण्याजोगा आहे, असे आमचे मत आहे.

उदाहरणादाखल आम्ही 'युरोपा युनिव्हर्सालिस' ही एकच मालिका घेतो. फिलिप तिबो या फ्रेंच रचनाकाराने १९९३ मध्ये याच नावाचा पटावरचा खेळ प्रसिद्ध केला होता. त्याच्या आधारे स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने २००० साली संगणकावरचा पहिला खेळ आणला. दुसरा २००१ मध्ये, तिसरा २००७ मध्ये, चौथा २०१३ मध्ये आणि पाचवा २०२५ मध्ये आला. खेळाडूंच्या चर्चेचे विषय ढोबळमानाने दोन. पहिला नियमांचा : कर किती मिळावा, बंड केव्हा व्हावे, तोफखान्याला किती बळ असावे. दुसरा रूपाचा : नकाशा सपाट असावा की डोंगरदऱ्यांसह उठावाचा, राज्यांच्या सीमा कशा दिसाव्यात, रंग कोणते असावेत. २००७ मध्ये सपाट नकाशाच्या जागी त्रिमित नकाशा आला, तेव्हा जुन्या ॲटलासच्या पानासारखा तो पहिला नकाशाच बरा होता, असे म्हणणारे पुष्कळ होते. वरवर पाहता हे दोन वाद वेगळे वाटतात. आमच्या मते ते एकच आहेत. भूतकाळ कशाने घडला याविषयीचे विधान नियमही करतो आणि रंगही करतो. फरक इतकाच की ग्रंथकाराचे विधान आपण वाचून तपासतो, तर खेळातले विधान आपण वागून स्वीकारतो.

प्रथम आरंभाची तारीख पाहावी. मालिकेतला पहिला खेळ १४९२ मध्ये सुरू होतो, म्हणजे कोलंबसाच्या सफरीच्या वर्षी. तिसरा १४५३ मध्ये, कॉन्स्टँटिनोपल पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. चौथा ११ नोव्हेंबर १४४४ रोजी, वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी. पाचवा १३३७ मध्ये, इंग्लंड व फ्रान्स यांच्या शतवार्षिक युद्धाच्या उंबरठ्यावर. कथा कोठे सुरू करायची याचा निर्णय कथेचा नायक ठरवतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. पाचव्या खेळात दख्खन निवडणाऱ्याला बहमनी सत्तेच्या स्थापनेआधीची दहा वर्षे हाती येतात. पण तो योगायोग आहे. घड्याळ युरोपचे, बाकी जगाने त्यावर आपली वेळ लावून घ्यायची.

आता नियमांकडे वळू. या मालिकेतला सर्वांत जुना वाद आहे तो नियतीचा. दुसऱ्या खेळात राजांची यादी ठरलेली होती. इंग्लंडच्या गादीवर आठवा हेन्री नेमल्या वर्षी येई, मग मधल्या काळात इंग्लंडचे काहीही झालेले असो. तिसऱ्या खेळात ही यादी काढून टाकण्यात आली; आरंभानंतरचे राजे नशिबाने जन्मू लागले. त्याबरोबर खेळाडूंत दोन पक्ष पडले. एक म्हणे, सगळे पुस्तकाप्रमाणेच व्हायचे तर खेळायचे कशाला? दुसरा म्हणे, चीनचे मिंग घराणे अमेरिकेत वसाहती करू लागले तर यात इतिहास उरला कोठे? चौथ्या खेळाने तडजोड काढली : ऐतिहासिक प्रसंग घडतील, पण त्यांना अनुकूल परिस्थिती असेल तरच. पुढे २०१८ मध्ये प्रत्येक प्रमुख राज्याला उद्दिष्टांची एक शाखायुक्त मालिका देण्यात आली, आणि ठरीव वाटेवरून चालवल्याची तक्रार पुन्हा सुरू झाली.

घडले ते इतिहासाने सांगावे आणि घडू शकले असते ते काव्याने, असा भेद ॲरिस्टॉटलने केला होता. या वादात तो भेद नव्याने उभा राहतो. मराठी वाचकाला त्याचे स्मरण व्हावे असे एक उदाहरण घरचेच आहे. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना लागायची गोळी हुकते आणि तेथून हिंदुस्थानचा इतिहास दुसरी वाट धरतो. कथेचा सारा भार एका क्षणावर आहे. खेळात असा क्षण येऊ शकत नाही. चौथ्या खेळातील लढाई तीन दिवस मारगिरीची आणि तीन दिवस हातघाईची, अशा फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीला शून्य ते नऊ यांपैकी एक आकडा फाशाने पडतो. त्यात सेनापतीचे गुण, भूमी, नदी ओलांडल्याचा तोटा हे सारे मिळवले जाते. फाशाला जागा आहे, परंतु अनेक फासे एकमेकांची विषमता झाकून टाकतात. शेवटी सरशी होते ती शिस्तीची, पैशाची आणि रसदेची.

रसदेचा नियम तर पानिपतावर टीका म्हणून वाचावा इतका नेमका आहे. प्रत्येक प्रांताची सैन्य पोसण्याची मर्यादा ठरलेली असते. ती ओलांडली की महिन्याकाठी काही टक्के माणसे लढाईविनाच गळतात. १७६०च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत भाऊसाहेबांच्या छावणीचे जे झाले त्याची यंत्रणा याहून थोडक्यात सांगणे कठीण आहे. पण याच ठिकाणी नियमाचा आंधळेपणाही दिसतो. खेळातले सैन्य पायदळ, घोडदळ आणि तोफखाना यांच्या हजार-हजारांच्या पलटणींनी मोजले जाते. पानिपतावर लढणाऱ्यांबरोबर जे बुणगे, यात्रेकरू, बायकामुले आणि व्यापारी होते, त्यांना खेळात आकडा नाही. ती माणसे खात होती, म्हणून उपासमार वाढली. ती हलू शकत नव्हती, म्हणून सैन्य हलू शकले नाही. नियम उपासमार जाणतो, उपाशी माणसांतली निम्मी ओळख त्याला नाही.

दुसरा वाद प्रगतीचा आहे, आणि त्यात अधिक काही पणाला लागलेले आहे. २०१६ पर्यंत चौथ्या खेळात राज्यांचे तंत्रज्ञानानुसार गट होते. पाश्चात्त्य गटाला एखादा शोध ज्या किमतीत मिळे, तोच भारतीय किंवा चिनी गटाला महाग पडे. यातून सुटण्याचा मार्ग एकच : राज्याचे 'पाश्चात्त्यीकरण' करणे, त्यासाठी अशांतता सोसणे आणि मग त्या गटात जाऊन बसणे. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील उत्तर पंधराव्या शतकातच गणितात घालून ठेवलेले होते. युरोप पुढे का गेला, या प्रश्नाला 'तो युरोप होता म्हणून' असेच हे उत्तर झाले. केनेथ पोमरांझ यांचा, युरोप आणि चीन यांच्यातील तफावत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी दाखवता येत नाही असे मांडणारा ग्रंथ, २००० साली, मालिकेच्या पहिल्या खेळाबरोबरच, प्रसिद्ध झाला होता.

२०१६ मध्ये हा नियम रद्द झाला. त्याच्या जागी 'संस्था' आल्या : प्रबोधन, वसाहतवाद, मुद्रणकला, जागतिक व्यापार इत्यादी. सुमारे अर्धशतकाच्या अंतराने त्या कोठेतरी उगवतात आणि प्रांतामागून प्रांत पसरत जातात. ज्याच्या मुलखात त्या पोचल्या नाहीत त्याला शोध महाग पडतात. जन्मजात उणेपणा गेला, त्याची जागा अंतराने घेतली. ही सुधारणा लहान नाही; इतिहासलेखनात ती व्हायला काही पिढ्या लागल्या होत्या. तरीही आमची एक शंका उरते. खेळात मुद्रणकला १५५०च्या सुमारास उगवते आणि पाणी झिरपावे तशी शेजारच्या प्रांतात शिरते. प्रत्यक्षात छापखाना गोव्यात १५५६ साली पोचला. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. आणि तरीही घाटावर, विजापूरच्या वा पुढे सातारा-पुण्याच्या दरबारी, ही कला दोनअडीचशे वर्षे चढली नाही. कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले ते दूरच्या श्रीरामपुरास, बंगालमध्ये. अंतर हे कारण मानले तर गोवा ते सातारा हे अंतर काहीच नव्हे. धर्मांतराशी जोडली गेलेली छपाई, लिपीचे खिळे पाडण्याची अडचण, हस्तलिखितावर जगणारा कारकून व पुराणिक वर्ग, या कारणांचा विचार केल्यावाचून हे कोडे सुटत नाही. खेळाचा नियम एका पूर्वग्रहातून सुटला आणि सर्व संस्था सारख्याच वाहतात या दुसऱ्या गृहीतावर येऊन थांबला.

आता रूपाकडे. नकाशाच्या रंगाला कोणी निव्वळ सजावट म्हणेल, तर त्याने २००४ ची घटना आठवावी. त्या वर्षी याच कंपनीच्या 'हार्ट्स ऑफ आयर्न' या दुसऱ्या महायुद्धावरील खेळावर चीनने बंदी घातली. मांचुरिया, तिबेट आणि शिंजियांग ही तेथे स्वतंत्र राज्ये म्हणून दाखवली होती, हे कारण होते. बंदीचे समर्थन आम्ही करणार नाही. पण रंग म्हणजे दावा असतो, हे त्या सरकारने अचूक ओळखले होते.

'युरोपा युनिव्हर्सालिस'च्या चौथ्या खेळात प्रत्येक प्रांताला एक मालक आणि एक रंग आहे. युद्धात शत्रूने प्रांत व्यापला तर त्यावर शत्रूच्या रंगाचे पट्टे उमटतात; तह झाला की पट्टे जातात आणि पुन्हा एकरंगी मुलूख उरतो. दुहेरी सत्ता ही आजारासारखी तात्पुरती अवस्था ठरते. आपला रंग पसरत जाण्याला खेळाडूंनी 'ब्लॉबिंग' असे थट्टेचे नाव दिले आहे, आणि खेळ कंटाळवाणा होतो तो तेथेच, अशी त्यांची जुनी तक्रार आहे. त्याच खेळात मराठी संस्कृतीचे राज्य काही अटी पुऱ्या करून स्वतःला 'मराठा' म्हणून घोषित करू शकते. मग त्याचाही रंग असाच पसरतो.

परंतु अठराव्या शतकातल्या मराठी सत्तेला हे रूप मुळीच बसत नाही. १७१९ च्या मोगल सनदांनी शाहूला स्वराज्य मिळाले आणि त्याबरोबर दख्खनच्या सहा सुभ्यांवर शेकडा पंचवीस चौथाई व शेकडा दहा सरदेशमुखी. ही जमीन मोगलांचीच राहिली. तिच्या उत्पन्नावर मराठ्यांचा हक्क बसला. निजामाच्या मुलखात एकाच गावातून दोन सरकारांचे कमाविसदार वसुली नेत, त्या व्यवस्थेला दुअमली असे नावच होते. १७५१ मध्ये अलिवर्दीखानाने नागपूरकर भोसल्यांना ओडिशाचा महसूल आणि बंगालच्या चौथाईपोटी वार्षिक १२ लाख रुपये मान्य केले. आता बंगालला कोणता रंग द्यावा? गावाखाली उतरले तर प्रश्न आणखी गुंततो : पाटील, कुलकर्णी, देशमुख, इनामदार, सरंजामदार, प्रत्येकाचा त्याच पिकात वाटा आणि प्रत्येकाच्या हाती कोणती ना कोणती सनद. ही सत्ता हक्कांच्या थरांची होती. रंगाच्या डागात ती मावत नाही, कारण डागाच्या नकाशामागे एकसंध सार्वभौमत्वाची युरोपीय कल्पना आहे.

येथे खेळ करणाऱ्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण आम्हांला ते प्रामाणिकपणाचे वाटत नाही. अटकेपासून कटकेपर्यंत एकच भगवा रंग भरलेला नकाशा आपणही मोठ्या अभिमानाने भिंतीवर लावतो. अटकेवर मराठी फौज पोचली १७५८ मध्ये, आणि तेथला अंमल वर्ष-दीड वर्षही टिकला नाही. कटकेचा हक्क मुळात महसुलाचा. दोन्हींमध्ये रोहिले, जाट, राजपूत, अवधचा नवाब, आणि नावापुरता का होईना, दिल्लीचा बादशहा. आपला भगवा नकाशा आणि स्टॉकहोमचा रंगीत नकाशा एकाच व्याकरणाने बोलतात. खेळाडूला निदान आपला रंग पसरवल्यावर कंटाळा येतो आणि तो नियम बदला म्हणून भांडतो. आपण भिंतीवरच्या नकाशाशी भांडत नाही.

म्हणून अध्यापकांना आमची सूचना आहे. हे खेळ वर्गात खेळावेत असे नाही, पण त्यांचे नियम संहिता म्हणून वाचायला द्यावेत. विद्यार्थ्यांना एक गाव द्यावे, त्याच्या पिकाचे पाच वाटेकरी सांगावेत, आणि नकाशावर ते रंगवून दाखवा म्हणावे. पहिला विद्यार्थी एक रंग देईल. दुसरा पट्टे ओढील. तिसरा विचारील की हे वाटे कोणी ठरवले, कोणत्या कागदाने, आणि तो कागद आज कोठे आहे. इतिहासाचा तास खऱ्या अर्थाने तेथून सुरू होईल.