दिनविशेष : ५ एप्रिल
१६६३ : लाल महालावर शिवरायांचा छापा

मोगल सुभेदार शाहिस्तेखान १६६० पासून पुण्यात ठाण मांडून होता. शिवराय जिथे लहानाचे मोठे झाले, त्या लाल महालातच त्याने मुक्काम ठोकला होता. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराज निवडक मावळ्यांसह मोगल छावणीच्या गराड्यातून थेट वाड्यावर चालून गेले. रमजानचा महिना होता. मुदपाकखान्याच्या बाजूने, भिंतीतले बुजवलेले दार फोडून मावळे आत शिरले. अंधारातल्या चकमकीत खानाची बोटे तुटली, त्याचा मुलगा अबुल फत्ते मारला गेला. संतापलेल्या औरंगजेबाने खानाची बंगालमध्ये बदली केली.

याच तारखेला, १२४२ मध्ये, आजच्या रशिया-एस्टोनिया सीमेवरील गोठलेल्या पायपस सरोवरावर नोव्हगोरोडचा राजपुत्र अलेक्झांडर नेव्हस्की याने धर्मयुद्धाच्या नावाखाली पूर्वेकडे सरकणाऱ्या जर्मन सरदारांचा पराभव केला. त्या विजयाने त्यांची पूर्वेकडील आगेकूच रोखली.

कसबा पेठेतला मूळ लाल महाल आता उरलेला नाही. आजची वास्तू पुणे महापालिकेने विसाव्या शतकात उभारली. पुणेकरांनी आज मुलाबाळांना घेऊन तिथे अवश्य जावे आणि शिवरायांचा हा पराक्रम त्यांना सांगावा.