एका फेटाळलेल्या तक्रारीची गोष्ट

न्यायाच्या इतिहासात हरलेले खटलेही बोलके असतात. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात स्मिथ बेट्स या बेकार शेतमजुरावर जबरी चोरीचा आरोप आला. वकिलापुरते पैसे त्याच्याजवळ नव्हते. सरकारने वकील द्यावा, ही त्याची विनंती नाकारली गेली. त्या परगण्यात ती सोय फक्त खून व बलात्काराच्या खटल्यांत होती. साक्षीदारांची उलटतपासणी त्याने स्वतःच केली. शिक्षा झाली 8 वर्षांची.

वकिलावाचून चाललेला खटलाच सदोष, ही त्याची तक्रार 1942 साली सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी फेटाळली. त्रेचाळीस वर्षांचा, सामान्य बुद्धीचा माणूस आपली बाजू मांडू शकतो, असे बहुमताला वाटले. पण हरकत केव्हा घ्यावी, कोणती चूक नोंदवून ठेवावी, हे अडाण्याला कसे कळावे? न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी आपले विरुद्ध मत लिहून ठेवले.

1963 साली घरफोडीच्या आरोपाखाली फ्लोरिडाच्या तुरुंगात असलेल्या क्लॅरन्स गिडियनच्या अर्जावर न्यायालयाने तो निर्णय एकमताने मोडीत काढला. निकालपत्र ब्लॅक यांचेच होते. फेरखटल्यात गिडियनला वकील मिळाला आणि तो निर्दोष सुटला.

चूक दुरुस्त व्हायला 21 वर्षे लागली. बेट्सची शिक्षा 8 वर्षांची होती.