सोळा पायांचा किडा

टेलिफोनचा इतिहास सांगणारी मंडळी ग्रॅहॅम बेलपाशी सुरू होतात आणि तिथेच दमतात. १८७६ साली बेलला पेटंट मिळालं, तीनच दिवसांनी त्यानं तारेतून पलीकडच्या खोलीतल्या वॉटसनला हाक मारली, वॉटसन धावत आला, आणि इतिहास संपला! त्यापुढे शंभर-सव्वाशे वर्षं त्या डब्याच्या पोटात कोण राबत होतं याची चौकशी कुणी करत नाही. आमच्या बँकेतही तेच. शाखेच्या उद्घाटनाची फीत कापणाऱ्या साहेबांचा फोटो भिंतीवर असतो. पुढची तीस वर्षं रोज संध्याकाळी कॅश जुळवणाऱ्याचा नसतो. मी त्या दुसऱ्या पंगतीतला असल्यामुळे डब्याच्या पोटातल्या मंडळींबद्दल मला पहिल्यापासून जिव्हाळा आहे.

मी कॉमर्सचा पदवीधर. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण फोनची वीज तशी गरीब. एक्स्चेंजमधून दोन तारा निघतात, त्यांत साधारण ४८ व्होल्ट. घंटा वाजत असेल तेवढा वेळ मात्र तारांना हात लावू नये, तेव्हा ती एकदम ७५ व्होल्टांच्या आसपास जाते. रागावलेल्या गरीब माणसाचंही असंच असतं.

जुन्या काळ्या फोनच्या तोंडात कोळसा असायचा. हे विधान अपमानास्पद वाटेल, पण खरं आहे. १८७७ च्या सुमारास एडिसननं या कामात हात घातला आणि पुढे त्या कोळशाचे बारीक दाणे झाले. आपण बोललो की पडदा हलतो, दाणे दाबले जातात, त्यांतून जास्त वीज वाहते. आवाज उतरला की दाणे सैल होतात, वीज कमी. गंमत म्हणजे हा कोळसा आवाजाची वीज करून थांबत नाही, एक्स्चेंजच्या बॅटरीच्या जिवावर तो आवाज मोठाही करतो. व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टर नाही, नुसता कोळसा! म्हणून तर त्यानं सुमारे शंभर वर्षं नोकरी केली. दोष एवढाच, की दाणे एकमेकांना चिकटून बसत. मग आवाज घोगरा होई आणि बोलणारा माणूस रिसीव्हर टेबलावर दोनदा आपटून पुन्हा ‘हॅलो’ म्हणे. आमच्या थोरल्या काकांचा हा आपटण्याचा कार्यक्रम आम्ही मुलं राग समजत असू. तो राग नव्हता, दुरुस्ती होती.

दुसरी अडचण अशी, की तारा दोनच. त्यांतूनच बोलायचं आणि त्यांतूनच ऐकायचं. मग आपलाच आवाज आपल्याच कानात ढोल वाजवणार! त्यासाठी तारेच्या गुंडाळ्यांचा एक ट्रान्सफॉर्मर बसवत. तो आपला आवाज बाहेर सोडी आणि आपल्या कानाशी येताना बहुतेक अडवून धरी. बहुतेक म्हणजे सगळा नाही. थोडासा मुद्दाम येऊ देत. याला साइडटोन म्हणतात. स्वतःचा आवाज अजिबात ऐकू आला नाही तर माणसाला फोन मेला असं वाटतं आणि तो ओरडू लागतो. फार ऐकू आला तर संकोचून कुजबुजतो. माणसाला स्वतःचं बोलणं किती ऐकू यावं, हा प्रश्न त्या लोकांनी सोडवला होता. आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये तो अजून अनिर्णित आहे.

आता डायल. अमेरिकेत कॅन्सस सिटीला अल्मन स्ट्राउजर नावाचा गृहस्थ होता. धंदा अंत्यविधीचं सामान आणि व्यवस्था पुरवण्याचा. गावातल्या प्रतिस्पर्ध्याची बायको म्हणे टेलिफोन ऑपरेटर होती आणि कुणी गेलं, की फोन परस्पर नवऱ्याकडे जोडून द्यायची! ही गोष्ट खरी की रचलेली, कुणास ठाऊक; पण ऑपरेटरलाच मधून काढून टाकणाऱ्या यंत्राचं पेटंट त्याला १८९१ साली मिळालं आणि १८९२ साली इंडियानातल्या ला पोर्ट गावी त्याचं स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालं, हे पक्कं. धंदा बुडू लागला की बुद्धी चालते, हे कॉमर्सच्या पुस्तकात नसलेलं तत्त्व.

फिरती डायल पुढल्या काही वर्षांत आली. भोकात बोट घालायचं, फिरवायचं, सोडायचं. डायल परत येताना तारेतली वीज तोडते: ४ ला चार वेळा, ९ ला नऊ वेळा, आणि शून्याला दहा वेळा. सेकंदाला दहा तोडी. म्हणजे शून्य फिरवायला नुसतं परत यायलाच एक सेकंद. याचा हिशोब मी एकदा रिकाम्या काउंटरवर मांडून पाहिला. दिल्लीचा कोड ०११, एकूण तोडी बारा. मुंबई ०२२, चौदा. कलकत्ता ०३३, सोळा. मद्रास ०४४, अठरा. दिल्लीला कमी खटपटीत पोचता येतं, असं भारतात फक्त याच एका बाबतीत म्हणता येईल.

डायलच्या भोकात कुलूप घालायची पद्धत तुम्हांपैकी काहींना आठवत असेल. इवलंसं कुलूप एकाच्या भोकात अडकवलं की डायल फिरत नसे. आमच्या शाखेतले एक जुने हेडकॅशियर सांगत, की त्यांच्या वेळच्या साहेबांनी हे कुलूप आणलं आणि किल्ली जानव्याला बांधली. पण डायल तरी काय करते? वीजच तोडते ना? मग रिसीव्हर ठेवायचा खटका तेच करतो. चार हवे असतील तर खटका भराभर चार वेळा दाबायचा, जरा थांबायचं, पुढचा आकडा. शून्याला दहा टिचक्या. शाखेतला एक शिपाई भजनी मंडळात तबला वाजवायचा. त्याच्या हाताला लय होती. साहेब जेवायला गेले की सगळा स्टाफ त्याच्याकडून नंबर वाजवून घेत असे.

इकडे हे तबलावादन चाललं असताना अमेरिकेत बटणं आली होती. १८ नोव्हेंबर १९६३, पेनसिल्व्हेनियातली कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग ही दोन गावं. एक बटण दाबलं की दोन सूर एकदम वाजतात, एक खालचा, एक वरचा. १ दाबलं तर सेकंदाला ६९७ कंपनं आणि १२०९ कंपनं. सुरांची निवडही अशी, की एक दुसऱ्याच्या पटीत नाही, बेरीज-वजाबाकीही जुळत नाही. नाहीतर बोलता बोलता एखाद्या बाईंचा आवाज लागला आणि नंबर फिरला, असं व्हायचं! तारका आणि चौकट ही दोन बटणं १९६८ साली आली. आकड्यांची मांडणी ठरवायला बेल कंपनीच्या प्रयोगशाळेनं गोल, दोन ओळींची, अशा नाना मांडण्या लोकांना दाबायला लावल्या आणि १९६० साली निष्कर्ष छापले. शेवटी १-२-३ वर ठेवले. बेरजेच्या मशीनवर आणि कॅल्क्युलेटरवर मात्र ७-८-९ वर. जगातल्या समस्त रोखपालांना कुणी विचारलं नाही. आमचा रोखपाल आजही न बघता फोन करायला गेला की १ च्या जागी ७ दाबतो आणि भलत्याच घरी पोचतो.

त्या पहिल्या बटणफोनात चिप नव्हती. एक ट्रान्झिस्टर आणि दोन गुंडाळ्या. खरं तर जॅक किल्बीनं १९५८ साली आणि रॉबर्ट नॉइसनं १९५९ साली एकाच तुकड्यावर सगळं सर्किट बसवण्याची युक्ती काढली होती. पण टेलिफोनच्या डब्यात शिरायला तिला पंधराएक वर्षं लागली. कारण हा डबा म्हणजे भलतं कठीण घर. वेगळी वीज नाही, एक्स्चेंज जे धाडील त्यावर भागवायचं. लांबच्या तारेवरून येता येता ४८ व्होल्टांचे चार-पाचच उरतात. पावसाळ्यात वीज कडाडली की तारेवरून हिसका बसतो, तो वेगळा. आणि फोन वीस वर्षं टिकायचा अशी रीत.

अखेर सत्तरच्या दशकात चिप घरात आली. टेक्ससच्या मॉस्टेक कंपनीची एमके ५०८७ ही त्यांतली नामांकित. काळा चपटा ठोकळा, दोन्ही बाजूंना आठ-आठ पाय. मला तरी तो किडाच वाटतो. या किड्याला सूर लावायला तानपुरा हवा. तो कुठून आणला? अमेरिकन रंगीत टीव्हीतून! त्या टीव्हीत सेकंदाला ३५,७९,५४५ कंपनं देणारा स्फटिक असे. टीव्ही लाखांनी बनत, म्हणून स्फटिक स्वस्त. किडा त्या आकड्याला भाग देत बसतो. ५१०४ नं भागलं की ७०१ आणि वर थोडी चिल्लर. हवे होते ६९७. फरक चारचा! पण सुमारे दीड टक्क्यापर्यंतचा फरक एक्स्चेंजला चालतो, म्हणून हे बसून गेलं. मी नोकरीला लागलो तेव्हा सत्तावन्न पैशांच्या फरकासाठी आमच्या शाखेचे दिवे रात्री नऊपर्यंत जळत. त्या काळात हे वाचलं असतं तर नोकरी सोडून एक्स्चेंजात गेलो असतो.

आपल्याकडे सुरांना किंमत नव्हती, कारण आपली जुनी एक्स्चेंजं स्ट्राउजरच्या घराण्यातली. त्यांना तोडी कळत, सूर नाही. मग ऐंशीच्या दशकात बटणांचे फोन आले ते दुसऱ्या जातीचा किडा घेऊन. (बंगलोरच्या सरकारी कारखान्याचे डायलवाले फोन वापरणाऱ्या देशात बटणफोन बनवणाऱ्यांत सुनील मित्तल होते, आधी ते तैवानहून आणून विकत.) हा किडा बटणं भराभर दाबून घेई, आकडे टिपून ठेवी आणि मग सेकंदाला दहा या जुन्याच चालीनं एक-एक तोड पुढे सरकवी. आपलं दाबून झालं तरी आत कट-कट, कट-कट चालूच. काउंटरवर अर्ज हसतमुखानं घ्यायचा आणि आतल्या टेबलावर सावकाश जाऊ द्यायचा, ही कला त्याला कुणी शिकवली असेल?

पण त्याच्याकडे आणखी एक गुण होता. शेवटचा नंबर तो विसरत नसे. रिसीव्हर खाली ठेवला तरी तारेतून मुंगीच्या पावलानं वीज घेऊन तेवढी आठवण जिवंत ठेवी. रीडायल.

३० सप्टेंबर १९९३. अनंतचतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. माझी मावशी लातूरला होती. आमच्याकडे फोन नव्हता. आमचा नंबर म्हणजे पी.पी., खालच्या मजल्यावरच्या काकांचा. काका फोन लाकडी खोक्यात कुलपात ठेवत आणि फोन मागायला गेलं की घड्याळाकडे बघत. त्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन आईच्या हातात किल्ली दिली आणि कामावर निघून गेले. सगळ्या लाइनी तुंबलेल्या. आई प्रत्येक वेळी सगळा नंबर पहिल्यापासून दाबायची, तिचा हात कापायचा, आकडा चुकायचा. मग मला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, तू नुसतं ते एक बटण दाब. मी दाबत होतो. कट-कट, कट-कट, एंगेज. ठेवायचं, उचलायचं, दाबायचं. दुपारी तीनच्या सुमाराला पलीकडे घंटा वाजली आणि मावशीचा आवाज आला. आई काहीच बोलली नाही. मावशीच ‘हॅलो, कोण बोलतंय’ असं विचारत राहिली.

या आवाजाचंही एक खातं आहे. कोळसा आणि ट्रान्सफॉर्मर या दोघांना एकदमच निवृत्त करणाऱ्या बोलण्याच्या चिपा ऐंशीच्या दशकात आल्या. फिलिप्सच्या टीईए १०६० आणि १०६१, मागून आलेली टीईए १०६२. या शेवटच्या बाईलाही पाय सोळाच. तोंडाशी कोळशाऐवजी नखाएवढा इलेक्ट्रेट मायक्रोफोन. साइडटोन तिनं सांभाळायचा. नंबर लागताना मायक्रोफोन बंद ठेवायचा, पण कानात अगदी बारीक सूर सोडायचा, म्हणजे माणसाला वाटावं काहीतरी चाललंय. इंग्रजीत त्याला विश्वासाचा सूर म्हणतात. ‘साहेब बघतायत तुमचं’ असं आम्ही ग्राहकाला सांगतो, तोच.

तिचं खरं काम मात्र निराळं. एक्स्चेंज जवळ असेल तर तारेत वीज जास्त येते, लांब असेल तर कमी. ती वीज किती आहे यावरून चिप अंतर ओळखते. जवळच्याचा आवाज दाबते, लांबच्याचा चढवते. आमची आत्या कोकणात एक्स्चेंजपासून लांबच्या टोकाला राहते. काळ्या फोनवरून तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा आणि ‘बरी आहे’ एवढंच कळायचं. नवा फोन बसला आणि पहिल्यांदाच ऐकू आलं, की ती बरी नव्हती. बोलताना मधेच दम लागत होता. पुढल्या आठवड्यात तिला डॉक्टरकडे नेलं. आत्या अजून त्या फोनला दोष देते.

जाता जाता एक. ही १०६२ बाई दीड-पावणेदोन व्होल्टांवरही तग धरते, म्हणजे एकाच तारेवर दुसरा फोन उचलला तरी पहिला मरत नाही. पूर्वी माजघरातून वडिलांनी एक्स्टेन्शन उचललं की आवाज बारीक होई आणि प्रेमिक सावध होत. या चिपेनं किती लग्नं मोडली याची नोंद नाही.

डबा हलका झाला, इतका, की तो फोन वाटावा म्हणून काही कारखानदार रिसीव्हरमध्ये लोखंडाचा तुकडा घालत. डायल उघडून तेल देणारे मेकॅनिक गेले. किडा मेला तर त्याला कुणी तेल देत नाही, बदलतात.

आमच्या शाखेत अजून तारेचा एक फोन आहे. त्याच्या पोटाखाली एक खटका, एका बाजूला ‘पी’, दुसऱ्या बाजूला ‘टी’. मागल्या महिन्यात नवीन लागलेल्या अधिकाऱ्यानं फोन उलटा करून विचारलं, हे काय? पी म्हणजे पल्स, टी म्हणजे टोन, हे सगळं सांगायला मी बसणार, तेवढ्यात काउंटरवर रांग लागली. मी म्हटलं, पी म्हणजे पगारवाढ, टी म्हणजे ट्रान्सफर. त्यानं खटका ताबडतोब पीवर केला. तेव्हापासून आमच्या शाखेतून नंबर फिरवला की कट-कट ऐकू येतं. नंबर मात्र लागतो.