उद्या ईस्टर

तारीख ३ एप्रिल १८५८, शनिवार. तुम्ही झाशीच्या बडा बाजारात आहात, एका भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यामागे अंग चोरून बसलेले. दुकानाच्या फळ्या आतून लावलेल्या आहेत. दोन फळ्यांमधल्या फटीतून रस्त्याची एक पट्टी दिसते, तिच्यात एक उलटं पडलेलं तांब्याचं घंगाळ आहे आणि कुणाची तरी एक चप्पल. मार्चअखेरीपासून तोफा चालू आहेत. परवा बेतवेकाठी तात्या टोप्यांची फौज हरली, तेव्हा मदतीची आशाही संपली. आज पहाटे इंग्रज सेनापती ह्यू रोजचे सैनिक शिड्या लावून तटावर चढले आणि आता गल्लीगल्लीतून लढत राजवाड्याकडे सरकत आहेत. हलवाईपुऱ्याकडून धूर येतो आहे. तुमच्या शेजारी एक म्हातारी मराठीत पुटपुटते आहे. नेवाळकरांच्या मागोमाग आलेली घराणी इथे तीन-चार पिढ्या नांदली, त्यांच्यातली ती. ती देवाला नावं ठेवते आहे. तिला कुणी अडवत नाही.

आज गावात वरसईचे विष्णुभट गोडसेही अडकले आहेत. ते पुढे या दिवसांचं वर्णन लिहितील आणि १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य ते ‘माझा प्रवास’ म्हणून छापतील. तटावरून आलेल्या पलटणींत मुंबई इलाख्याच्याही आहेत, म्हणजे फळीबाहेरून धावत गेलेला एखादा शिपाई तुमच्याच भाषेत शिवी हासडून गेला असेल तर नवल नाही.

मला तुम्हाला दाखवायचं आहे ते मात्र दुसरंच काही. गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी कित्येकांच्या पडशीत इंग्लंडच्या चर्चचं प्रार्थनेचं पुस्तक आहे. त्यात बायबलातली दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांवर वाटून दिलेली असतात, काही सकाळची, काही संध्याकाळची. मनाला येईल ते निवडायचं नाही, तारखेला जे येईल ते म्हणायचं. आज तीन तारीख. सकाळच्या वाट्याला आलेल्या स्तोत्रांतलं सतरावं शत्रूंनी चारी बाजूंनी वेढलेल्या माणसाचं आहे. मला लपव, असं तो देवाला विनवतो. संध्याकाळचं अठरावं विजयी राजाचं, शत्रूचा पाठलाग करून त्याला धुळीला मिळवल्याचं. सकाळचं पान या दुकानात बसलेल्यांचं आहे आणि संध्याकाळचं बाहेरच्यांचं. एकाच पुस्तकात, एकाच दिवशी. आणि ख्रिस्ती पंचांगात आजचा शनिवार म्हणजे येशू कबरेत असण्याचा दिवस. उद्या ईस्टर. उद्याही या गल्ल्यांत माणसं शोधून शोधून मारली जाणार आहेत आणि रात्री राणी किल्ला सोडून काळपीकडे निघणार आहे.

दहा महिने मागे चला. ८ जून १८५७, सोमवार. बंड झाल्यावर किल्ल्यात आसरा घेतलेले गोरे लोक कॅप्टन स्कीनसह खाली उतरले आणि शहराबाहेर झोकनबागेत बायकामुलांसकट कापले गेले, साठेक जीव. त्या तारखेच्या संध्याकाळच्या पानावर बेचाळिसावं आणि त्रेचाळिसावं स्तोत्र आहे. त्यातला माणूस देवाला सरळ विचारतो की तू मला विसरलास का. त्याचे वैरी त्याला रोज हिणवतात, तुझा देव कुठे आहे म्हणून, आणि ते हिणवणंही तो जसंच्या तसं देवाच्या कानावर घालतो. त्या दिवशी झोकनबागेत कुणाच्या ओठांवर काय होतं हे आपल्याला ठाऊक नाही. पण ज्यांनी लहानपणापासून दर महिन्याच्या आठ तारखेला हे शब्द ऐकले होते, त्यांना हंबरडा फोडायला नवे शब्द शोधावे लागले नसतील.

आता तुमच्या लक्षात येईल की मी तुम्हाला या दोन तारखांमध्ये का उभं केलं. झोकनबागेचा सूड हे एप्रिलमधल्या कत्तलीमागचं एक उघड कारण होतं. सूड मागण्याची स्तोत्रंही त्याच पुस्तकात आहेत, आणि अंगावर काटा यावा अशी आहेत. आपल्याकडे चर्चमध्ये ती वाचायला लोक कचरतात, गाळूनही टाकतात. मला ती गाळणं मान्य नाही. त्या स्तोत्रांतला माणूस तलवार उपसत नाही, तो आपला सगळा जळफळाट देवासमोर ओततो आणि न्याय त्याच्यावर सोपवतो. बडा बाजारात जे झालं ते उलटं झालं. देवासमोर ओतायचा तो संताप रस्त्यावर ओतला गेला, आणि देवासमोर कदाचित नीटनेटकी उपकारस्तुती म्हटली गेली. दुःखात असलेल्या माणसाला “असं बोलू नये, देवाचे आभार मान” असं जेव्हा कुणी सांगतं, तेव्हा मला ही फळ्या लावलेली दुकानं आठवतात. आतलं कुठेतरी जाणारच. ते प्रार्थनेत जाऊ दिलं नाही, तर ते जवळच्या माणसांवर जातं.

अजून चार वर्षं मागे, १८५३ मध्ये, काशीला. झाशीत या वर्षाच्या नोव्हेंबरात गंगाधरराव जातील आणि राणी विधवा होईल. इथे काशीत नीलकंठशास्त्री गोरे यांची बायको गेली आहे आणि मागे तान्ही मुलगी राहिली आहे, एलन लक्ष्मी. गोऱ्यांचा जन्म झाशीच्या टापूतलाच, काशीपुरा गावचा, १८२५ सालचा. चित्पावन घराणं, घरात शास्त्राध्ययन. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या हे नाव घेतलं आणि भाऊबंद, प्रतिष्ठा, सगळं गमावलं. तुम्ही त्यांच्या दारात उभे राहा. तिशीही न गाठलेला हा माणूस सहा दर्शनांवर तासन्‌तास बोलू शकतो, पण मुलीला दूध कुणी पाजायचं हे त्याला सुचत नाही. मुलगी शेवटी एका इंग्रज कुटुंबाकडे वाढेल.

गोऱ्यांबद्दल ख्रिस्ती लोक आदराने बोलतात ते त्यांच्या विद्वत्तेसाठी, ‘षड्दर्शनदर्पण’साठी. मला त्यांची दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. त्यांच्या शंका बाप्तिस्म्यानंतर मिटल्या नाहीत. आयुष्यभर त्या परत परत येत राहिल्या. १८५४ मध्ये ते महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडला गेले आणि तिथला ख्रिस्ती समाज पाहून इतके हादरले, की ऑक्सफर्डला मॅक्स म्युलरकडे जाऊन त्यांनी आपली व्यथा मोकळी केली. पुढे धर्मगुरू झाले, तरी मनातली तगमग त्यांनी देवापासून झाकली नाही, आणि माणसांपासूनही नाही. नामदेव-तुकोबांच्या विठ्ठलाशी झालेल्या भांडणांवर वाढलेल्या भाषेतल्या माणसाने नव्या धर्मात जाऊन एकाएकी गोडगोड बोलायला लागावं, असं का अपेक्षावं?

या माणसाकडे पंडिता रमाबाईंनी आपले प्रश्न नेले. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले होते, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. अशा बाईला गोळीबंद उत्तरं देणारा उपदेशक चालला नसता. गोऱ्यांच्या लेखनाने त्यांची समजूत पटली, हे त्यांनी स्वतः नोंदवून ठेवलं आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही त्या ज्यांच्या आश्रयाला होत्या त्या धर्मभगिनींशी पत्रांतून कडकडून वाद घालत राहिल्या, न पटलेलं पटलं असं म्हणायला तयार झाल्या नाहीत.

शेवटचा पल्ला पुढचा आहे. १९०५ सालचा पावसाळा, पुण्याजवळचं केडगाव, रमाबाईंचं मुक्तिसदन. इथे शेकडो मुली आहेत. त्यांतल्या कितीतरी मध्य प्रांत आणि गुजरातच्या दुष्काळातून उचलून आणलेल्या, आईबापांची प्रेतं पाहिलेल्या. तुम्ही प्रार्थनेच्या दालनात शिरता आणि आधी काहीच कळत नाही, कारण सगळ्या एकाच वेळी, मोठ्याने, आपापलं बोलत आहेत. कुणी ऊर बडवते आहे, कुणी जमिनीवर पडून रडते आहे, कुणी ओरडून क्षमा मागते आहे. तासामागून तास हे चाललं आहे. बाहेरच्या सभ्य ख्रिस्ती मंडळींनी या गोंगाटावर नाराजी दाखवली. रमाबाईंनाही असल्या प्रार्थनेची सवय नव्हती. तरी त्यांनी मुलींना गप्प बसवलं नाही, उलट त्या गोंगाटाची बाजू त्यांनी छापून मांडली. तुमच्या बाजूची मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल. ती कुठल्याशा बोलीत देवाला आपल्या आईचं नाव सांगते आहे, पुन्हा पुन्हा, आवाज चढवत.