परदेशी विद्या आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे

आपल्या समाजातील मुले-मुली अलीकडे उच्च शिक्षणासाठी अमेरिका, जर्मनी अशा दूरदेशी जाऊ लागली आहेत, हे स्मरणिकेच्या वाचकांस विदित आहेच. कोणी बँकेचे कर्ज काढून, तर कोणी शेत विकून मुलास 'एम. एस.' साठी पाठवितो. निरोपसमारंभ होतो, स्मरणिकेत छायाचित्र येते. त्याखाली देशाचे नाव असते, विद्यापीठाचेही असते. मुलगा कोणता विषय शिकावयास गेला, हे मात्र बहुधा नसते. आमच्या जिल्ह्यातून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी असाच एक विद्यार्थी गेला होता. बाकी सर्व हातचे गेले तरी शिकलेला विषय त्याच्यापाशी अखेरपर्यंत राहिला, म्हणून ती हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे. हे गृहस्थ आपल्या समाजाचे नव्हेत. परंतु आपल्या जिल्ह्याचे आहेत, आणि तेवढे नाते मला पुरेसे वाटते.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात वर्धा येथे झाला. आरंभीचे शिक्षण वर्ध्यात व पुढील नागपुरास झाले. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने भारावलेली ती पिढी होती. इंग्रजांचे राज्य शस्त्रबळानेच जाईल, अशी खानखोजे यांची खात्री झाली आणि १९०६ च्या सुमारास त्यांनी देश सोडला. प्रथम जपान व तेथून अमेरिका, असा त्यांचा मार्ग होता. म्हणजे पदवी हा त्यांच्या प्रवासाचा मूळ हेतू नव्हता. कॅलिफोर्नियात त्यांनी एका लष्करी विद्यालयात शिक्षण घेतले, मग ऑरेगॉन राज्यातील कृषी महाविद्यालयात नाव घातले, आणि १९१३ साली पुलमन या गावच्या वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून शेतीशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण पुरे केले.

ही महाविद्यालये कशी निघाली, हेही सांगण्याजोगे आहे. १८६२ साली, म्हणजे आपला वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा काढण्यात आला त्याच वर्षी, अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. सरकारी जमिनी राज्यांना द्याव्या, त्यांच्या विक्रीतून निधी उभारावा आणि शेतकरी-कारागिरांच्या मुलांसाठी महाविद्यालये चालवावी, असा तो कायदा. त्यात शेतीशास्त्र व यंत्रविद्या यांच्या जोडीला लष्करी कवायतही शिकविण्याची अट होती. नांगर आणि बंदूक दोन्ही शिकविणारी विद्यालये आमच्या या विद्यार्थ्यास सोयीचीच म्हणावयाची!

त्या प्रदेशात हिंदी माणसाचे स्वागत होत होते, असे मात्र कोणी समजू नये. १९०७ च्या सप्टेंबरात त्याच वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे गोऱ्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या पंजाबी मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले होते. अशा मजुरांत मिसळून खानखोजे यांनी संघटनेचे काम केले. १९१३ साली त्या किनाऱ्यावर गदर पक्ष उभा राहिला; सोहनसिंग भकना त्याचे अध्यक्ष होते, लाला हरदयाळ चिटणीस होते, आणि उभारणी करणाऱ्यांत खानखोजेही होते. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हेही अमेरिकेस शिकावयास गेलेले तरुण. ते हिंदुस्थानात परतले, पकडले गेले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरास कर्तारसिंग सराभा यांच्यासह फाशी गेले. खानखोजे महायुद्धाच्या काळात इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. बंडाचा बेत फसला. पुढे बर्लिन झाले, १९२१ साली मॉस्को झाले, आणि १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले. जवळ पैसा नव्हता आणि मायदेशाची वाट बंद होती. उरली होती ती पुलमनची विद्या.

त्या विद्येने त्यांना चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापकपद मिळवून दिले. मका हे मेक्सिकोच्या गरिबाचे मुख्य अन्न. आपल्याकडे ज्वारी तसे. मक्याचा तुरा शेंड्यास असतो आणि कणीस खाली. कणसाच्या प्रत्येक रेशमी धाग्यामागे एकेक दाणा भरतो, आणि त्यास लागणारा पराग वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतातूनही येतो. म्हणून चांगले वाण टिकवावयाचे तर तुऱ्यास व कणसास पिशव्या बांधून परागाची निवड आपल्या हाती ठेवावी लागते. कापसाचे बी राखणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास ही चिकाटी नवी वाटणार नाही. खानखोजे यांनी असे प्रयोग वर्षानुवर्षे केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. टीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या मक्याची छायाचित्रे घेतली, आणि प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर भाकरी वाटून देणारा पुरुष रंगविला, तो खानखोजे यांच्या चेहऱ्याचा. १९३६ साली त्यांनी एका बेल्जियन बाईंशी विवाह केला.

परदेशी शिकलेल्या माणसाचे परतणे हा प्रश्न आजही घरोघर निघतो, म्हणून त्या काळची आणखी दोन उदाहरणे पाहावी. खानखोजे यांचे शिक्षण संपले त्याच १९१३ साली डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती होती, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार होता. १९१५ साली ते एम. ए. झाले, १९१७ साली करारासाठी बडोद्यास गेले. परंतु त्या शहरात अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळाली नाही व नोकरी सोडून यावे लागले. दुसरे जे. सी. कुमारप्पा. हे तंजावरचे. यांनीही कोलंबियातच एम. ए. केले, आंबेडकरांचे गुरू प्राध्यापक सेलिगमन हेच यांचेही गुरू. ते पुढे आमच्या वर्ध्यास आले. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यावर मगनवाडीत बसून त्यांनी घाणीचे तेल, हातकागद आणि मधमाश्या यांचे अर्थशास्त्र मांडले. बाहेरच्या पदवीधरास वर्ध्याने घर दिले, आणि वर्ध्याचा पदवीधर मात्र चाळीसांहून अधिक वर्षे बाहेर राहिला! इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत नाव असल्याने त्यांना येऊ दिले जात नव्हते. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत लिहिलेल्या चरित्राचे नावच 'मी कधीही माफी मागणार नाही' अशा अर्थाचे आहे.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, ते मायदेशी येऊ शकले. १९५५ साली कायमचे परतले व नागपुरास राहिले. तोवर उमेद सरत आली होती. आपल्या देशाने त्यांच्या ज्ञानाचा जितका उपयोग करून घ्यावयास हवा होता तितका करून घेतला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन ठेंगण्या गव्हाचे बियाणे आणविले आणि त्यातून पुढील हरितक्रांती झाली. ते वाण बोरलॉग व त्यांच्या सहकाऱ्यांचे, खानखोजे यांचे नव्हे. परंतु त्या मातीत हयात घालविलेला वर्ध्याचा माणूस तेव्हा नागपुरात होता. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा २०२२ च्या सप्टेंबरात उभा राहिला. आपल्या लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी तेथे जाऊन त्याचे अनावरण केले.